तोंडानं चौतीस

महाळुंगे
१२ जानेवारी २०२५

अण्णा,

आता तुम्ही परत तेच म्हणणार, की नववीतून पळालेलं पोरगं बापाला टेप धरायला शिकवायलंय. म्हणा. मागच्या महिन्यात फोनवरही तेच म्हणालात, अन् वर ‘तू मला फोन करू नको, तू भांडायला फोन करतोस’ असंही म्हणालात. म्हणून लिहून पाठवायलो. कागद मधेच ठेवून देता येत नाही.

मला एवढंच विचारायचंय की कुसुमताई सरकारी फॉर्म भरायला घरी आल्या, तेव्हा तुमच्या कमरेचं माप कुणी घेतलं? वर्षाली म्हणायली, तुम्हीच गळ्यातला टेप काढला, शर्टावरून फिरवला अन् ‘चौतीस लिहा’ म्हणून सांगितलं. कुसुमताई गावच्या आशा असल्या तरी तुमच्याकडंच ब्लाउज शिवतात. त्या काय तुमच्या हातातला टेप ओढून घेणार? लिहिलं त्यांनी चौतीस. साखर दोनशे साठ अन् कंबर चौतीस.

दिवाळीत तुम्ही न्हाणीतून बाहेर आलात तेव्हा मी बघितलंय. करदोडा पोटाखाली घसरून बसलेला अन् पोट त्याच्यावर ओटीसारखं पुढं आलेलं. तुमची अन् चौतीसची भेट होऊन दहा वर्षं तरी झाली असतील.

हे मला आत्ताच काहून सुचलं ते सांगतो. आमच्या कंपनीत (गाडीच्या ब्रेकचे पाइप बनतात, मी त्याची जाडी तपासतो, हे एकदा मायला नीट सांगा, ती अजून गावात ‘पोरगं नळ बनवतं’ म्हणून सांगते) तर कंपनीत तीन दिवस डॉक्टरांचं शिबिर होतं. पिंपरीच्या दवाखान्यातल्या डॉक्टर नबीला मॅडम आल्या होत्या. ज्यांना ज्यांना साखर आहे त्यांच्या पोटाचा घेर मोजायचा होता. ऑफिसवाला लाइनवर येऊन म्हणाला, टेप कुणाला धरता येतो? मी हात वर केला. टेलरचा पोरगा म्हणून. ज्या टेपच्या भीतीनं मी गाव सोडलं तोच इथं तीन दिवस गळ्यात घालून फिरलो. हसा आता.

पहिल्याच माणसाला मी तुमच्यासारखा टेप लावला, पँटीच्या पट्ट्यावर. मॅडम म्हणाल्या, “हे पँटीचं माप झालं. मला पोटाचं पाहिजे.” मग त्यांनी दाखवलं. शर्ट काढायचा. बाजूला बोटानं शेवटची बरगडी चाचपायची. मग खाली कमरेच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा. दोन्हीच्या बरोबर मधे पेनानं खूण. टेप त्या खुणेवरून फिरवायचा, मागं पुढं एका रेषेत, कातडीला टेकलेला पण दाबलेला नाही. दोन बोटांची ढील नाही. माणूस श्वास सोडतो तेव्हा आकडा वाचायचा. दोनदा मोजायचं. पुरुषाला नव्वद सेंटिमीटरपर्यंत ठीक, बाईला ऐंशी.

आपली माणसं कशी आहेत बघा. कंबर म्हटलं की सगळे करदोड्यावर बोट ठेवायचे. मॅडम म्हणायच्या, करदोडा खाली सरकतो हो, पोट सरकत नाही. आमचा सुपरवायझर आबाजी, त्यानं तर श्वास असा ओढून धरला की तोंड लाल. मॅडम मोजेचनात. त्यांनी विचारलं, “गाव कुठलं तुमचं?” आबाजी ‘नारायणगाव’ म्हणेपर्यंत सगळं पोट टेपात येऊन पडलं. मॅडमनी आकडा वाचला, एकशे चार. आबाजी म्हणतो, “मॅडम, ही फसवणूक झाली.”

एवढं लिहिलं ते एका कामासाठी. वरच्यासारखं माप घ्या. तुम्ही स्वतः नाही, वर्षाली घेईल नाहीतर कुसुमताई. तो आकडा घेऊन जिंतूरच्या डॉक्टरकडं जा अन् गोळ्या बदलून घ्या. साखर अन् पोट दोन्ही असलं तर काळीज, मूत्रपिंड, पाय सगळ्याला धोका असतो, असं मॅडम म्हणाल्या. मी माझ्या मनानं लिहीत नाही.

पाच हजार वर्षालीच्या खात्यावर टाकलेत.

रविराज

*

बोरी
२४ जानेवारी

चि. रविराज यास,

पत्र पोचलं. ‘तीर्थरूप’ लिहायचं राहिलं, शाई वाचवली असशील. अक्षर अजून तसंच आहे, कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं, पण मजकूर लागला.

तू मला टेप शिकवलास, बरं केलंस. एकतीस वर्षं झाली मला ह्या दुकानात. ह्या पंचक्रोशीतल्या निम्म्या कमरा मी मोजल्यात, काही काही तर लग्नापासून सरणापर्यंत. कोणाचं पोट कधी सुटलं, कोणाचं कर्ज फिटल्यावर सुटलं, मला माहीत असतं. मी कोणाला सांगत नाही.

तुला वहीवर बसवलं तेव्हा पहिली गोष्ट काय शिकवली होती ते विसरलास का? गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावला की तोंडानं दोन इंच कमी म्हणायचं अन् वहीत खरं लिहायचं. दुकानात चार माणसं बसलेली असतात. चाळीस म्हटलं की माणूस कसनुसा होतो, पुढची पँट दुसरीकडं टाकतो. अडतीस म्हटलं की खुशीत चहा सांगतो. अन् पँट तर चाळीसचीच शिवतो आपण, ती बरोबर बसते, म्हणजे कुणाचं काही बिघडत नाही. तू समोर बसायचास. मी ‘चौतीस’ म्हटलं की तू मुंडी खाली घालून छत्तीस लिहायचास. नऊ वर्षांचा होतास. एकदाही चुकला नाहीस. मी म्हणायचो, हे पोरगं माझ्यापुढं जाणार. ते पुढं गेलं ते चाकणला गेलं.

राहिली माझी गोष्ट. माझे हातपाय बघ, काड्या आहेत. साखर जाड्या माणसाला त्रास देते. मला माझ्या आईकडून आली, ती कुठं जाडी होती? गोळी घेतो, आठवण राहिली की. कारल्याचा रस घेतो. दिवसभर पायडल मारतो. आणखी काय पाहिजे? डॉक्टरकडं गेलं की तो एकाच्या तीन गोळ्या करतो, एवढंच होतं. तुझ्या मॅडमला सांग, बोरीच्या दौलतरावाची कंबर चौतीस आहे, कोणाला पुरावा पाहिजे असेल तर दुकान उघडं असतं.

तुझ्या काकाच्या सुजितचं लग्न आठ मेला धरलंय. काका म्हणाले, घरातल्या सगळ्या पुरुषांना एकसारखा कपडा घ्यायचा, तर राखाडी पँटपीस आणलाय. तुझी मापं वहीत आहेत, पण तू चार नोकऱ्या बदललेला माणूस, अंग तरी एका जागी कसं राहील? नवीन माप पाठव.

तुझी माय बरी आहे. ‘नळ’ ह्या शब्दावरून तिला राग आला.

अण्णा

*

महाळुंगे
९ फेब्रुवारी

अण्णा,

चार नाही, तीन. चिखलीचा वर्कशॉप, हिंजवडीला कंपनीच्या गाड्या धुवायचं काम, अन् आता हे. चिखलीवाल्यानं दोन महिन्यांचा पगार दिला नाही म्हणून सोडलं अन् हिंजवडीत दिवसातले चार तास गाडी ट्रॅफिकमधे अन् मी गाडीत, ती काय नोकरी झाली का? मी बदलतो ते उगं नाही बदलत. तुम्ही एकाच खुर्चीवर एकतीस वर्षं बसलात म्हणून सगळ्यांनी बसावं असं नाही.

काड्यांचं उत्तर देतो. मॅडमनी मला कागदावर काढून दाखवलं. त्यांच्याकडं मोठ्या दवाखान्यात मशीन असतं, पोटाचा आडवा काप काढल्यासारखा फोटो येतो, कलिंगड कापल्यासारखा. कातडीखालची चरबी वेगळी दिसते अन् आत आतड्याला, काळजाला लपेटलेली वेगळी. आतली वाईट. आपल्याकडच्या माणसांचे हातपाय काड्या अन् पोट पुढं, ती सगळी आतलीच असते. वजनकाट्यावर तो माणूस साधा दिसतो. टेपला आतलं दिसत नाही, पण टेप खूण देतो, अन् टेप सगळ्यांना परवडतो. असं त्या म्हणाल्या. सत्तावीस जण मोजले आम्ही, त्यातले अकरा तुमच्यासारखे काड्या होते. अकराच्या अकरा नव्वदच्या वर.

आणि तोंडानं कमी म्हणायचं ते मी विसरलो नाही. शिबिरात पहिल्या दिवशी तसंच केलं मी. मॅडमच्या मागं रांगेत सगळे कान टवकारून उभे होते, म्हणून मी दोन सेंटिमीटर कमी ओरडलो अन् कागदावर खरं लिहिलं. मॅडमनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं. म्हणाल्या, “हे कुठं शिकलास?” मी म्हटलं, घरी. त्यांनी दुसऱ्या दिवशी मधे पडदा लावला अन् म्हणाल्या, आता खरं बोल, कुणी ऐकत नाही.

तुमच्यापुढं पडदा कोण लावणार ते मला कळत नाही.

रात्रपाळी चालू आहे. डिसेंबरपासून घेतलीय (शिबिराचे तीन दिवस तेवढे दिवसा होतो), तिला वरचे पैसे मिळतात, अन् रविवारी डबल. कँटीनचं जेवण रात्री दोनला येतं ते खाववत नाही. थंडा अन् वडापाववर निघतं. झोपायचं दिवसा. रूमवर मी अन् अजिम, तो पण आमच्याच कंपनीत रात्रीचाच, म्हणून खिडकीला गोधडी लावलीय.

माप अजिमनं घेतलंय. त्याचा बाप पंक्चर काढतो, त्यानं आयुष्यात टायरशिवाय काही मोजलं नाही, तेव्हा चूक निघाली तर त्याची. उंची ४०, कंबर ३६, सीट ३७, मांडी साडेवीस, मोहरी १५.

पाच हजार टाकलेत.

रविराज

*

बोरी
१६ फेब्रुवारी

दादा,

अण्णांना कळू देऊ नको मी लिहिलं म्हणून. फोनवर सांगितलं असतं पण घरात एकच खोली, त्यांना सगळं ऐकू जातं. फक्त आपण त्यांना सांगितलेलं ऐकू जात नाही.

शुक्रवारी संध्याकाळी अण्णा दुकानातून आले अन् ओट्यावर बसले. माय म्हणाली, तुमच्या पायाला काय लागलं? तळव्यात टाचणी होती. पूर्ण आत, नुसतं डोकं वर. मी विचारलं कधी रुतली, तर म्हणतात, माहीत नाही. दादा, सकाळी दहाला ते दुकानात गेले होते. दिवसभर पायडलवर तोच पाय होता. मी टाचणी काढली तर त्यांनी हूं का चूं केलं नाही, उलट म्हणाले, “टेलरच्या पायात टाचणी नाही रुतणार तर काय मास्तरच्या रुतणार?” जखम लहान आहे, मी रोज धुते. पण त्यांना ती दुखत नाही हेच मला बरोबर वाटत नाही.

दुसरं. चिंधी शोधताना मला जुन्या मापांच्या वह्या सापडल्या. सगळ्यात मागच्या पानावर ‘स्वतः’ असं लिहिलंय. दर दसऱ्याला ते आपलं माप घेतात वाटतं. २००९ ला ३१ आहे. मग ३२, ३२, ३३. २०१६ ला एकदम ३६. त्याच्यापुढं ३७, ३७, ३८. मागच्या दसऱ्याला ३९. कुठंच चौतीस नाही. नुसते आकडे आहेत, बाजूला काही लिहिलेलं नाही. शेवटच्या आकड्याखाली मात्र दोन रेघा मारल्यात.

पान फाडलं नाही. उतरवून घेतलं.

तुझी तब्येत कशी आहे? आवाज बसल्यासारखा येतो.

वर्षाली

*

महाळुंगे
२३ फेब्रुवारी

अण्णा,

तोंडानं दोन इंच कमी म्हणायचा आपला नियम होता. तुम्ही पाच ढापले.

मला कसं कळलं ते विचारू नका. तुमच्याच दुकानात नऊ वर्षांचा असताना शिकलो की खरं कुठं लिहिलेलं असतं. गिऱ्हाइकाला तुम्ही फसवत नव्हता, कारण त्याची पँट वहीतल्या आकड्यानं शिवली जायची. इथं कुसुमताईंच्या फॉर्मवर तुमचा तोंडचा आकडा गेला. डॉक्टर त्याच आकड्यानं शिवणार. बसेल का ते अंगाला?

मी रागानं लिहीत नाही. पाइप तपासताना जसं लिहितो तसं लिहायलो. आमच्याकडं पाइप जाड निघाला तर त्याच्यावर लाल खूण करतात अन् बाजूला ठेवतात. कुणी पाइपावर चिडत नाही, अन् पाइप पण म्हणत नाही की मी एकतीस वर्षं पाइप आहे.

पायात दिवसभर टाचणी असते अन् कळत नाही, ह्याला साखरेनं पाय बधिर झाला म्हणतात. मी मॅडमना विचारलं. त्यांचा नंबर माझ्याकडं आहे. त्या म्हणाल्या, बिनदुखतीची जखम सगळ्यात वाईट, माणूस तिच्यावर चालत राहतो. अंगठा जातो, मग पाऊल. म्हणाल्या, वडिलांना ह्याच आठवड्यात घेऊन जा. मी म्हटलं, मी अडीचशे मैलांवर आहे अन् ते माझं ऐकत नाहीत. त्या म्हणाल्या, मग लिही.

पायडलचा पाय गेला तर तुम्ही कुठल्या खुर्चीवर बसणार अण्णा?

पत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी जिंतूर. वर्षाली सोबत येईल. पाच हजार आधीच टाकलेत, त्यातून जा.

रविराज

*

बोरी
१४ मार्च

चि. रविराज यास,

उत्तराला उशीर झाला, दवाखान्यात फेऱ्या चालू होत्या. वह्यांना मी आता कुलूप लावलंय. तुझ्या बहिणीला टाचण्या काढायला पाठवलं की ती कपाटं काढते.

तिथल्या नर्सनं तू लिहिलं होतंस तसंच माप घेतलं. बरगडी, हाड, पेनाची खूण. माझ्या पोटावर दुसऱ्यानं टेप लावायची एकतीस वर्षांत पहिलीच वेळ. हात गार होते तिचे. मी श्वास ओढला नाही. तिनं मोठ्यानं वाचलं, “एकशे एक.” बाहेर बाकावर आपल्या गावची दोन माणसं बसली होती, त्यांनी ऐकलं. इंचात चाळीसला पाव इंच कमी. म्हणजे वहीतलं एकोणचाळीसही खोटंच, तेही पँटीवरचं होतं.

डॉक्टरनं तीन महिन्यांची साखर काढली, ती नऊ पॉइंट आठ आली. मग मला डोळे मिटायला लावले अन् तळपायाला नायलॉनचा धागा टोचत गेला. जिथं कळेल तिथं ‘हो’ म्हणायचं. दहा ठिकाणी टोचला. मी चार वेळा ‘हो’ म्हटलं. उरलेल्या सहा वेळा तो कधी टोचला ते मला माहीत नाही. हयात धाग्यावर काढलेला माणूस मी.

गोळ्या बदलल्यात. सकाळ संध्याकाळ घेतो, तुझी माय समोर उभी राहते. दुकानात आता चप्पल घालून बसतो, डॉक्टरचा हुकूम. रोज रात्री वर्षाली माझे तळवे उलटे करून बघते, घोड्याचे नाल बघतात तसे.

तर माझं झालं. आता तुझं.

मागच्या रविवारी तुझी पँट कापायला घेतली. सवयीनं आधी जुनं पान काढलं. मागच्या वर्षीची तुझी मापं, कंबर ३२, मांडी २२. ह्या वर्षीची, कंबर ३६, मांडी साडेवीस. मी खडू खाली ठेवला.

माणूस जाड होतो तेव्हा सगळीकडं होतो. कंबर वाढली की मांडी वाढते, सीट वाढते, मी पन्नास वेळा बघितलंय. कंबर वाढते अन् मांडी उतरते असं माप मी ह्या वहीत एकदाच लिहिलंय. २०१६ साली, माझं. त्याच वर्षी मला साखर निघाली. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की ही दोन्ही एकच गोष्ट आहे, पण मला फक्त पँट सैल करायची अक्कल होती.

अजिमनं टेप चुकवला असेल असं आधी मनात आलं. मग पत्रं परत वाचली. रात्रपाळी, थंडा, वडापाव, अन् वर्षाली सांगते तो फोनवरचा बसलेला आवाज. तू तीन दिवस त्या शिबिरात राहिलास, सत्तावीस माणसं मोजलीस, अन् तुझं बोट कुणी टोचलं नाही हे तू मला सांगू नको. तुझं मलाच एवढं खरं सांगायचं चाललं होतं की त्यात तुझं कुठं आलंच नाही.

साखर किती आली ते लिही. तोंडचं नको, वहीतलं लिही. पोटाचं माप त्या मॅडमकडून घे, अजिमकडून नको, अन् पँटीवरून नको.

रात्रपाळी सोड. पाच हजारांसाठी तू रात्र रात्र जागून थंडा पितोस अन् ते पैसे इथं येऊन माझ्या गोळ्यांत जातात, हा धंदा तोट्याचा आहे. मला पत्रावर विश्वास नाही, तू शब्दाचा पोकळ आहेस अन् ते माझ्यावर गेलंय. तेव्हा मी खातं बघणार. पुढच्या वेळी पाच हजार आले तर समजेन की पोरगं अजून रात्रीचंच जागतंय. कमी आले तर समजेन ऐकलं.

कपडा घडी करून ठेवलाय. नीट माप आल्याशिवाय कापणार नाही. लग्नात लुंगीवर उभा राहिलास तरी चालेल.

अण्णा

*

महाळुंगे
२५ एप्रिल

तीर्थरूप अण्णांस,

मार्चचे पैसे पाठवले नाहीत, पत्रही नाही, म्हणून माय काळजीत असेल. मी बरा आहे. पाच पाठवले असते तर खरं कळलं असतं अन् कमी पाठवले असते तर खोटं झालं असतं, कारण तेव्हा मी रात्रपाळीलाच होतो. म्हणून काहीच पाठवलं नाही.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मॅडम म्हणाल्या, पट्ट्या उरल्यात, तू पण बोट दे. दोनशे अठरा आली. त्या म्हणाल्या, काही खाल्लं होतंस का? मी म्हटलं, थंडा. म्हणाल्या, उद्या उपाशी पोटी ये. दुसऱ्या दिवशी उपाशी आलो, एकशे एकोणसाठ. त्यांनी कार्ड करून दिलं अन् पिंपरीला यायला सांगितलं. मी ते कार्ड कंपनीच्या लॉकरमधे ठेवलं अन् त्याच रात्री तुम्हाला पहिलं पत्र लिहायला बसलो. तुमचं चौतीस मला लई टोचायलं होतं. का टोचायलं होतं ते आता कळतंय.

सव्वीस वर्षांचा आहे मी. मला वाटलं होतं, साखर म्हणजे तुमच्यासारख्या बसून काम करणाऱ्याला होते. मी तर बसलोच नाही कधी एका जागी.

तुमचं पत्र आल्यावर पंधरा दिवस तसेच घालवले. मग एक दिवस अजिमनं लॉकरमधून माझा डबा काढताना कार्ड बघितलं. संध्याकाळी त्यानं माझ्या थंड्याच्या बाटलीत पाणी भरून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवशी मी पिंपरीला गेलो.

मॅडमनी पडद्याच्या मागं नेलं. खूण केली. मी श्वास ओढला अण्णा. सत्तावीस माणसांना बोललो अन् स्वतःची वेळ आली तर ओढला. त्या थांबल्या अन् म्हणाल्या, “गाव कुठलं तुझं?” मला माहीत होतं त्या काहून विचारायल्या. तरी म्हटलं, बोरी. सत्त्याण्णव आलं. तीन महिन्यांची साखर आठ पॉइंट एक.

त्या म्हणाल्या, वय कमी आहे, लवकर सापडलंय, हे पोट उतरू शकतं. आतली चरबी आधी उतरते म्हणे, चालायला लागलं की. एक गोळी दिलीय. थंडा बंद. रात्रीचं जेवण वेळेवर. मला विचारलं, तुझ्या वडिलांना आहे का? मी म्हटलं, आहे, त्यांनीच ओळखलं. त्या म्हणाल्या, कसं? मी म्हटलं, मांडीवरून. त्यांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, मी बघितलं.

आबाजीला सांगून पहिल्या पाळीला आलोय, पंधरा तारखेपासून. तो आधी नाही म्हणाला, रात्रीला माणूस मिळत नाही म्हणून. मग मी कार्ड दाखवलं. त्यानं स्वतःचं खिशातून काढून दाखवलं. आता आम्ही दोघं सुटल्यावर महाळुंग्याच्या फाट्यापर्यंत पायी जातो, तो बडबड करतो अन् मी ऐकतो. रात्रीचे वरचे पैसे गेले, रविवारचं डबल गेलं. नोकरी बदलायचं दोनदा मनात आलं ह्या महिन्यात. बदलली नाही.

सुट्टी सहा मेपासून मिळालीय. खाली माप लिहितोय, ते मॅडमच्या नर्सनं घेतलंय, पँटीचं वेगळं अन् पोटाचं वेगळं, दोन्ही खरे आकडे. उंची ४०, कंबर ३५, सीट ३७, मांडी साडेवीस, मोहरी १५. पोट सत्त्याण्णव सेंटिमीटर. हे शेवटचं पँटीला लागत नाही. ते वहीच्या मागच्या पानावर लिहा, तुमच्या खाली. दसऱ्याला दोघांचं परत घेऊ, वर्षाली वाचेल, मोठ्यानं वाचू द्या तिला.

पँटीत शिलाई आत जास्त धरा, पुढं कमरेला आत घ्यावी लागेल.

दवाखाना, गोळ्या अन् खोलीभाडं काढून राहिले तेवढे वर्षालीच्या खात्यावर टाकलेत. दोन हजार सहाशे.

रविराज